सोबत्याचे पान

एकदा एका खाडीकाठच्या मठात एक प्रश्न निघाला. असले प्रश्न भरल्या पोटीच निघतात, म्हणून आधीच सांगून ठेवतो की दुपारची जेवणे नुकतीच आटोपली होती. भात मऊ झाला होता, वर घट्ट ताक होते, आणि शिष्यमंडळी ओसरीच्या सावलीत पाय पसरून बंदरावरून आलेली बातमी चघळत बसली होती.

बातमी अशी होती. नळीची कौले भरून निघालेले एक गलबत वादळात सापडले. डोलकाठी मोडली, सुकाणू गेले, बाकीच्या खलाशांना लाटांनी ओढून नेले आणि दोघेच उरले, भिवा आणि येसो. गलबत वारा नेईल तिकडे वाहत राहिले. मधूनच एखादी सर येई, तिचे पाणी कौलांत साचे, त्यामुळे तहानेने कोणी मेले नाही. पण कौले काही खाता येत नाहीत. भिवा आधी गेला. त्यानंतर पुष्कळ दिवसांनी एका परक्या मचव्याला ते गलबत दिसले, तेव्हा येसोमध्ये धुगधुगी होती. तो कशावर जगला हे त्याने गावी परतल्यावर स्वतःच्या तोंडाने सांगितले, आणि ऐकणाऱ्यांनी कानावर हात ठेवले.

मग मठात प्रश्न निघणारच. अन्नावाचून प्राण जाऊ लागला आणि समोर माणसाच्या देहाखेरीज काहीच नसले, तर माणूस तो खाईल का? एकाने आपद्धर्माचा दाखला काढला. दुसरा म्हणाला, सांगता येत नाही बुवा. त्यावर मठातला सर्वांत हुशार शिष्य पुढे सरसावला. हा बोलू लागला की समोरच्याची बोबडी वळे. तो म्हणाला, "पशू खाईल. माणूस खाणार नाही. आणि जो खातो, त्याच्यातला माणूस घास घेण्याआधीच संपलेला असतो. तेव्हा माणूस खाईल का, या प्रश्नाचं उत्तर एकच. नाही."

"आणि तू असतास तर?" कोणी तरी विचारले.

"मी मेलो असतो," शिष्य म्हणाला, आणि हे म्हणताना त्याने ओठावरचे ताक पुसले.

आत खोलीत वृद्ध आचार्य तापाने पडून होते. त्यांनी तिथूनच विचारले, "आज भात बरा झालेला दिसतोय?" सगळे हसले. शिष्यही हसला. आचार्यांना थट्टा करायची सवय आहे असे त्याला वाटले आणि विषय तिथेच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मठाच्या पायरीशी एक म्हातारी येऊन बसली. ती भिवाची आई, बंदरावर सगळे तिला साळूकाकी म्हणत. तिला आत आणले, तशी ती आचार्यांच्या बाजेजवळ जमिनीवर बसली आणि म्हणाली, "म्हाराज, माझो झील उपाशी आसा."

शिष्याने मनात म्हटले, दुःखाने हिचे भान गेले. मुलगा तर मेला. आचार्यांना मात्र ती काय म्हणते ते कळले, कारण त्यांना त्या बंदराची रीत ठाऊक होती. ती रीत आपल्यालाही कळायला हवी, नाहीतर पुढचे काही उमजणार नाही.

दर्यात माणूस गेला की देह हाती लागत नाही. अग्नी द्यायचा तो कशाला? म्हणून त्या बंदरावर असे होते, की मेलेल्याच्या सोबत शेवटपर्यंत जो असेल, त्याने परतल्यावर आपल्या घरी न जाता आधी मेलेल्याच्या दारी जायचे. तिथे घरच्या बाईने केळीचे पान मांडलेले असे. पानावर बसण्याआधी सोबत्याने चार माणसांत मोठ्याने सांगायचे, की माणूस कसा गेला आणि त्याच्या देहाचे काय झाले. मग त्याने पोटभर जेवायचे. तो जेवला की मेलेला जेवला. याला ते सोबत्याचे पान म्हणत. ते जेवायचे राहिले, तर मेलेला दर्यावर उपाशी फिरत राहतो, अशी तिथली समजूत. खरी की खोटी ते सोडा, त्या आईला ती खरी वाटत होती.

येसोही रीतीप्रमाणे आधी भिवाच्या दारी गेला होता. त्याला दुसरे घरही नव्हते, आईबाप लहानपणीच गेलेले. साळूकाकीने पान मांडले. चार माणसे जमली, गावचा प्रमुख, गावकार, येऊन उभा राहिला. 'दर्याला दिला' एवढे म्हटले असते तरी चालले असते, बघायला तिथे कोण होते? पण सोबत्याच्या पानापुढे खोटे बोलू नये, हे येसो पोरवयापासून ऐकत आला होता. त्याने खरे ते सांगितले. मग गावकाराने त्याला दंडाला धरून दारातून मागे ओढले आणि माणसांनी त्याला किनाऱ्यावर हुसकून दिले. साळूकाकी त्याआधीच घरात निघून गेली होती. लोक म्हणाले, बघा, आईने तोंड फिरवले.

"तोंड खंय फिरवलंय मी?" साळूकाकी आचार्यांना म्हणाली. "भात करपाक लागलो होतो, म्हणान आत गेलंय. भायर येऊन बघतंय तर येसो नाय नि कोणच नाय."

"आता कुठे आहे तो?"

"उपड्या होडयेखाली पडलोहा. कोण काय देणत नाय, दिला तरी तो तोंडाक लावणत नाय. मी पेज घेऊन गेलंय तर बायकांनी वाटेतच अडवल्यानी." तिने पदराने तोंड पुसले. "खोटा कित्याक सांगू, म्हाराज? माका त्याचो राग येता. पण म्हणान झिलाक उपाशी ठेवू? आणि तोव तसोच मरतलो. मठातून कोण इलो, तर गावकार नाय म्हणूचो नाय. म्हणान इलंय."

आचार्य उठू लागले, पण त्यांचा तोल गेला आणि ते पुन्हा बाजेवर टेकले. मग त्यांनी हुशार शिष्याला हाक मारली. "तू जा. येसोच्या हाताला धर, त्याला साळूकाकीच्या दारी ने आणि तो जेवेपर्यंत शेजारी बसून राहा. बाकी काही बोलू नकोस."

"आणि प्रायश्चित्त?" शिष्याने विचारले.

"आधी जेवू दे."

साळूकाकी होडीने परतली आणि शिष्य खाडीच्या काठाकाठाने निघाला. वाटभर त्याच्या मनात एकच विचार होता. इतक्या घोर पातकानंतर शुद्धीवाचून पानावर बसवायचे? हे आचार्य कसे सांगतील? तापात माणूस काहीही बोलतो. शिवाय नुसता हात धरून न्यायचे होते तर कोणीही चालले असते, मग मलाच का पाठवले? माझे शास्त्र उपयोगी पडावे म्हणूनच ना? शहाण्या माणसाची हीच खोड असते. त्याला सोपे काम सांगितले, तर ते सोपे असेल यावर त्याचा विश्वास बसत नाही.

बंदरावर गावकाराने त्याचे पाय धुतले, बसायला घोंगडे घातले आणि हात जोडून म्हणाला, "शास्त्रात काय असात ता सांगा. आमी शास्त्राभायर नाय." गावकार काही दुष्ट नव्हता. गावावर पाप येईल या भीतीने तो पुरता गांगरला होता आणि कोणी तरी निर्णय द्यावा, एवढेच त्याला हवे होते. शिष्याला ते ऐकून बरे वाटले. आचार्यांचा निरोप त्याच्या तोंडावर आला होता, तो त्याने तूर्त गिळला.

तो किनाऱ्यावर गेला. उपड्या होडीच्या सावलीत येसो बसला होता. वयाने तरणा, पण हाडांवर नुसती कातडी ओढलेली. शिष्याला पाहून त्याने उठायचा प्रयत्न केला, तो जमला नाही. शिष्य जरा अंतर ठेवून एका दगडावर बसला आणि त्याने विचारायला सुरुवात केली.

"तू घास घेतलास तो भिवा गेल्यावर की त्याआधी?"

"गेल्यावर."

"किती काळ थांबलास?"

"काळ कळत नव्हतो."

"त्यानं तुला अनुमती दिली होती?"

"नाय. तो पेजेचा बोलत होतो. आयेच्या हातची पेज, वांगडा सुको बांगडो भाजलेलो. बोलता बोलता गप झालो."

"मग तुझ्या मनात काय आलं?"

"कायच नाय इला. मगे इला. खाल्ल्यावर इला."

शिष्य काही लिहून घेत नव्हता, पण मनात एकेक उत्तर नेमके बसवत होता. हेतू, अवस्था, अनुमती, पश्चात्ताप. प्रश्न चोख होते. त्या चोखपणात त्याला एक साधी गोष्ट सुचली नाही, की समोरच्या माणसाला उत्तर देताना मधेमधे दम लागतो आहे.

येसोने एकच प्रश्न उलट विचारला. "तुमी असतास तर खाल्ला असतास?"

"नाही," शिष्य तत्काळ म्हणाला.

येसोने मान हलवली. "बरा आसा. कोणतरी तसो असाक होयो." त्यात टोमणा नव्हता. त्याला खरोखरच बरे वाटले होते.

शिष्य परत आला आणि चार माणसांपुढे त्याने निर्णय सांगितला. चांद्रायण. चंद्राच्या कलेबरोबर एकेक घास वाढवत न्यायचा, मग एकेक उतरवत आणायचा, असे महिन्याचे व्रत. ते पुरे झाले की येसो शुद्ध. मग त्याला गावात घ्यावे आणि खुशाल सोबत्याच्या पानावर बसवावे. पण हे व्रत सुरू होते प्रतिपदेला, आणि तिला अजून अवकाश होता. शिष्य म्हणाला, "तोवर केवळ पाण्यावर राहील." हे शास्त्रात नव्हते. एवढे त्याने पदरचे घातले. का घातले हे त्यालाही नीट सांगता आले नसते. पातक मोठे आहे तर शिक्षा जरा जड असावी, नाहीतर लोक काय म्हणतील, असे काहीसे असावे.

सगळ्यांच्या जिवात जीव आला. येसोला गावाबाहेर काढावे लागले नाही, गावावरही काही आले नाही, शास्त्राने मार्ग काढला. सगळ्यांत अधिक सुटल्यासारखे वाटले ते येसोला. शिष्याने त्याला व्रत समजावून सांगितले, तेव्हा तो सरपटत पुढे आला आणि त्याने शिष्याच्या पायांवर डोके ठेवले.

"उपास माका जमता," तो म्हणाला.

हे वाक्य ऐकून कोणीही ते व्रत तिथेच मागे घेतले असते. शिष्याने त्याला आशीर्वाद दिला.

साळूकाकी तेवढी म्हणाली, "पण ह्यां जेवण कधी मगे?" गावकार म्हणाला, "काकी, शास्त्र आसा ह्यां." मठातूनच माणूस आला होता, आणि त्याला बोलावून आणणारी तीच होती. आता ती कोणाकडे जाणार?

शिष्य लगेच परतला असता, तर कदाचित ही कथा वेगळी झाली असती. पण गावकाराने त्याला ठेवून घेतले. इतका विद्वान माणूस आलाच आहे तर दोन शब्द कानावर पडावेत, असे सगळ्यांना वाटले. रोज संध्याकाळी त्याची प्रवचने होऊ लागली, आणि दुपारी काळ्या वाटाण्याचे सांबारे, वडे, ओल्या नारळाची सोलकढी. किनारा तिथून हाकेच्या अंतरावर होता. तिकडे जावे असे एकदा त्याच्या मनात आले होते, हे त्याने पुढे स्वतःच सांगितले. पण व्रतस्थ माणसाचे चित्त विचलित करू नये, म्हणून तो गेला नाही.

शेवटी, प्रतिपदा यायच्या आधी, तो मठात परतला. आचार्यांचा ताप उतरला होता, अशक्तपणा होता. शिष्य नमस्काराला वाकला तेव्हा त्यांनी पहिला शब्द विचारला तो हा.

"जेवला?"

"जेवेल, महाराज. शुद्धी झाली की जेवेल." आणि शिष्याने सारा वृत्तान्त सांगितला, प्रश्नांसह, उत्तरांसह. सांगताना त्याला थोडी शाबासकीही अपेक्षित होती. आचार्यांचा चेहरा मात्र उतरत गेला.

"अरे," ते म्हणाले, "उपासानं ज्याला तिथवर नेलं, त्याला तू पुन्हा उपासच दिलास?"



आचार्यांनी काठी मागवली. पावले पडत नव्हती, तरी शिष्याच्या खांद्यावर भार टाकून ते होडीपर्यंत चालत गेले. होडीत आचार्य नावाड्याला मधूनच म्हणत, "जरा लवकर, बाबा."

ते पोहोचले तेव्हा ऊन उतरू लागले होते. उपड्या होडीपासून अंतर राखून माणसे उभी होती. होडीच्या सावलीत साळूकाकी बसली होती, पुढ्यात पेजेचे भांडे. आज तिला कोणी अडवले नव्हते. अडवण्यासारखे काही उरलेच नव्हते. येसोचे डोके तिने मांडीवर घेतले होते की नुसतेच वाळूवरून उचलून धरले होते, हे लांबून कळत नव्हते. जवळ गेल्यावर दिसले की पेज त्याच्या ओठांवरून ओघळून हनुवटीवर सुकली आहे.

"गिळूक नाय," ती म्हणाली. "उशीर झालो."

मला इथे फार वाईट वाटते. समुद्राने ज्याला मारले नाही, तिथल्या भुकेने ज्याला मारले नाही, त्याला आपण किनाऱ्यावर आणून, सगळ्यांच्या देखत, सगळ्यांच्या संमतीने जाऊ दिले. आणि गावात कोणाच्याच घरी त्या दिवशी अन्न कमी नव्हते.

येसोला अग्नी देण्यात आला. लाकडे गावकाराने दिली, तोच खाली मान घालून पुढे चालला. सगळे आटोपल्यावर माणसे पांगू लागली, तोच आचार्य साळूकाकीला म्हणाले, "काकी, घरी चला आणि पान मांडा."

कोणाला काही कळेना. साळूकाकी म्हणाली, "आता कोणासाठी? जेवणारो गेलो."

"जेवणारा मी आणलाय."

गावकार पुढे झाला. "म्हाराज, आत्ता मसणातून येतव आमी. आणि येसोचा कोण आसा? त्याच्या नावान पान मांडतला कोण, आणि जेवतलो कोण?"

"हा आंघोळ करून येईल," आचार्य शिष्याकडे हात करून म्हणाले. "येसोच्या सोबत शेवटपर्यंत कोणीच नव्हतं. त्याच्याशी शेवटचं कोण बोललं? तोच त्याचा सोबती. तुमची रीत आहे ना? मग रीतीनं होऊ दे. हा जेवला की येसो जेवला, आणि येसो जेवला की भिवा जेवला."

शिष्य विहिरीवर जाऊन ओलेत्यानेच परतला. साळूकाकीच्या दारी अंगण झाडलेले होते. तिने चूल पेटवली. भात शिजेपर्यंत सगळे तिथे उभे राहिले, कोणी घरी गेले नाही. मग तिने केळीचे पान मांडले आणि बाजूला पाण्याचा तांब्या ठेवला.

"बसण्याआधी सांगायचं असतं," आचार्य म्हणाले. "येसो कसा गेला, सांग."

शिष्य उभा राहिला. सवयीने जिभेवर आले ते असे, "प्रायश्चित्त आचरीत असता, निराहार अवस्थेत, देहाची..."

"कसा गेला?"

गावकार खाली बघत होता. साळूकाकी भाताचे भांडे हातात धरून शिष्याकडेच बघत होती.

"उपाशी गेला," शिष्य म्हणाला. "जेवायला घाल म्हणून मला पाठवलं होतं. मी त्याला उपाशी राहा म्हणून सांगितलं. म्हणून गेला."

"आता बस."

साळूकाकीने भात वाढला, त्यावर कुळथाची पिठी. शिष्याने घास उचलला, तोंडात घातला आणि तो तसाच राहिला. आत जाईना, बाहेर टाकवेना. डोळ्यांतून पाणी वाहू लागले. कसाबसा तो म्हणाला, "महाराज, मला जात नाही हे. त्याच्या नावाचं मी कसं खाऊ?"

आचार्य काठी बाजूला ठेवून अंगणातच त्याच्या शेजारी बसले.

"त्यालाही हेच वाटत होतं," ते म्हणाले. "अन्न पुढे केलं तरी घास जात नव्हता. माणूस असलं काही खाईल का, याचं उत्तर मला माहीत नाही, बाबा. काही खातात, काही मरून जातात. मी काय केलं असतं ते मला आज इथं बसून सांगता येत नाही, आणि तुलाही येत नव्हतं. पण खाऊन परतलेल्या माणसाचं काय होतं, ते मात्र दिसत होतं. त्याची भूकच मेली होती. उपास त्याला येत होता, जेवणं येत नव्हतं. ते त्याला पुन्हा यावं म्हणून एक माणूस शेजारी बसायला हवा होता, दुसरं काही नको होतं. हे काम तुझ्या विद्येला फार लहान वाटलं. आणि मी तरी काय केलं? ताप आहे म्हणून पडून राहिलो. होडीत घालून न्या म्हटलं असतं, तर कोणी नाही म्हणणार होतं का? तेव्हा चूक आपण दोघं वाटून घेऊ. घास मात्र मला वाटून घेता येत नाही. तो तुझाच आहे."

शिष्य हुंदके देत होता. तेव्हा साळूकाकी त्याच्यासमोर उकिडवी बसली. तिच्या आवाजात माया नव्हती, पण रागही नव्हता. उशीर झालेल्या लेकराला आई म्हणते, तसे ती म्हणाली, "गीळ रे बाबा. दोघाय जण वाट बघतहत."

त्याने डोळे मिटले आणि घास गिळला. मग दुसरा घेतला. अंगणात माणसे उभी होती ती एकेक करून खाली बसली, गावकारही बसला. कोणाला जेवायचे नव्हते, पण जेवणाऱ्याला एकटे ठेवू नये असे सगळ्यांना एकदम वाटले असावे. हेच काही दिवस आधी वाटले असते तर किती बरे झाले असते.

पानावरचा भात संपत आला. साळूकाकीने न विचारता पुन्हा वाढला. शिष्याने नको म्हटले नाही.

आपल्या दारी कोणी भुकेने नको ते करून परतला, तर त्याच्यापुढे पान मांडावे आणि शेजारी बसावे. विचारायचे ते नंतर विचारावे, आणि नंतरही विचारावेसे वाटले तरच.